बिंदू घरावर टाकायचा की विहिरीवर?

आरोग्य केंद्रातून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. रजिस्टरच्या दोन पानांचा फोटो. अनुक्रमांक, नाव, वय, लिंग, पत्ता, लक्षणं, दिलेलं औषध. पत्त्याच्या रकान्यात सगळ्यात वर गावाचं नाव आणि त्याखाली पान संपेपर्यंत ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा. दुसऱ्या पानावर पुन्हा एकदा गावाचं नाव, पुन्हा खाली तशाच रेघा. चाळीसेक माणसं हगवण-उलटीने आजारी होती आणि कागदावर ती सगळी एकाच जागी राहत होती.

खाली डॉक्टरांचा निरोप होता. “सर, तुमच्या विद्यार्थ्यांनी हिवाळ्यात या गावाचा नकाशा केला होता ना? यातलं कोण कुठे राहतं ते त्यावर टाकून मिळेल का? टाकी धुतली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, तरी पेशंट थांबत नाहीयेत.”

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवतो. पुढच्या चार-पाच दिवसांत जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवतोय. आपल्याकडे दर पावसाळ्यात अशी साथ येते आणि दर वेळी तोच गोंधळ पहिल्यापासून सुरू होतो. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. यादीत आजारी माणसं होती आणि एका शेतकऱ्याची विहीरही होती.

गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं. काळी जमीन, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. पैनगंगेकडे उतरणारे नाले. महसुली नोंदीत गाव एकच, पण त्या एका नावाखाली तीन वस्त्या आहेत: मूळ गावठाण, दीड किलोमीटरवरचा बंजारा तांडा आणि नाल्यापलीकडे टेकडीच्या पायथ्याशी कोलाम आदिवासींचा पोड. सातबाऱ्यावर गट नंबर असतात, भूमी अभिलेखच्या नकाशावर गटांच्या हद्दी असतात, पण पोडातलं घर कोणत्याच कागदावर नसतं. मोबाइलवरच्या नेहमीच्या नकाशांचंही तेच. जिथे गाड्या धावतात, दुकानं आहेत, लोकांच्या हातात चालू इंटरनेटचे फोन आहेत, तिथे ते नकाशे आपोआप भरत जातात. पोडात रेंजच येत नाही, त्यामुळे नकाशावर तिथे नुसता हिरवा-करडा रंग.

म्हणून हिवाळ्यात आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर काम केलं होतं. हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. तो कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही त्यात रस्ता, विहीर, घर टाकू शकतो आणि कोणीही तो फुकट वापरू शकतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि तंबूंच्या वस्त्या रेखाटल्या. मदत पथकं तो नकाशा हातात घेऊन फिरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कॉलरा आला आणि तो कोणत्या नदीने कुठून कुठे गेला याचा माग गावोगावच्या रुग्णांच्या नोंदी नकाशावर मांडूनच लागला. पुढे २०१४ मध्ये रेड क्रॉस, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि ओपनस्ट्रीटमॅपची मदतकार्य शाखा यांनी मिळून ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. संकट यायच्या आधीच, नकाशावर नसलेली माणसं नकाशावर आणायची, हा त्यामागचा विचार. मी वर्गात हे सगळं उत्साहाने सांगतो. आणि तरी त्या रात्री नकाशा उघडला तेव्हा आमचाच पोड त्यावर नव्हता.

चूक आमची होती. विद्यार्थ्यांनी गावठाण नीट रेखाटलं होतं. सिमेंटचे रस्ते, शाळा, टाकी, मारुतीचं देऊळ सगळं होतं. तांड्याचीही बरीच घरं होती, कारण टिनाची छपरं उपग्रहाच्या चित्रात चमकतात. पोडातली घरं कवेलूंची आणि झाडांच्या सावलीत. वरून बघताना ती मातीच्या रंगात मिसळून जातात. शिवाय चित्र दोन-तीन वर्षांपूर्वीचं होतं. मी ते काम तपासताना गावठाणाच्या हद्दीवरच थांबलो होतो. त्या रात्री दोघा विद्यार्थ्यांना फोन केला आणि वीज असेपर्यंत, म्हणजे साडेबारापर्यंत, आम्ही पोड आणि तिकडे जाणाऱ्या पाणंदी रेखाटल्या.

सकाळी आरोग्य केंद्रात बसलो. डॉक्टर, सिस्टर, आरोग्यसेवक, दोन आशाताई, मी आणि माझे दोन विद्यार्थी. डॉक्टरांच्या डोक्यात पहिला प्रश्न साथीचा नव्हताच, विषबाधेचा होता. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून वावरातून आलेल्या माणसाला उलट्या होत असतील तर यवतमाळचा डॉक्टर आधी डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने उलटी-हगवण होते, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम सुटतो. यातलं काही नव्हतं. हगवण पाण्यासारखी, अंग गार पडत होतं, डोळे खोल गेले होते. म्हणजे पाण्यातूनच काहीतरी आलं होतं. नमुने घेऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना केले होते. तिथून उत्तर यायला वेळ लागणार होता आणि रुग्ण दर तासाला येत होते.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बिचारा हैराण होता. टाकीत टीसीएल पावडर नेमाने टाकत होता. ओटी टेस्ट करून दाखवली तर गावठाणातल्या नळाचं पाणी पिवळं होत होतं, म्हणजे क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचत होतं. तरी गावात सगळे त्यालाच बोलत होते. आणि दुसरं एक बोललं जात होतं, ते जास्त वाईट होतं. पोडावरून रोग आला, तिकडचे लोक नाल्याचं पाणी पितात, त्यांना आठवडी बाजारात येऊ देऊ नका, असं.

आशाताई आणि विद्यार्थी फोन घेऊन यादीतल्या घरोघरी निघाले. प्रत्येक रुग्णाच्या अंगणात उभं राहून अक्षांश-रेखांश टिपायचे. फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण तो उपग्रहाचा इशारा थेट घेतो. फक्त पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लावतो, उघड्यावर दोन मिनिटं शांत उभं राहावं लागतं. ज्यांच्याकडे फॉर्मचं अ‍ॅप होतं त्यांचं काम सरळ झालं. एका आशाताईंचा फोन जुना होता, त्यांनी आकडे वहीत लिहून आणले. संध्याकाळी ते आकडे लॅपटॉपवर चढवले तर दोन रुग्ण नकाशावरून गायब. नकाशा लहान केल्यावर सापडले, ते थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांपाशी. आपला भाग २० अक्षांश आणि ७८ रेखांशावर आहे. आकडे उलटे भरले की ७८ अक्षांश होतात आणि माणूस बर्फात जाऊन पडतो. ही चूक इतकी मोठी असते की लगेच दिसते. लहान चूक जास्त घातक. २० अंश ५ मिनिटं म्हणजे दशांशात २०.०८३. कोणी ते २०.०५ असं लिहिलं, तर बिंदू पावणेचार किलोमीटर सरकतो, म्हणजे शेजारच्या गावात जातो आणि कोणाला संशयही येत नाही. दशांशानंतर चार आकडे लिहिले तर अकरा मीटरपर्यंत जागा कळते. तीनच लिहिले तर शंभर मीटरचा घोळ, आणि आमच्याकडे शंभर मीटरमध्ये माणूस नाल्याच्या अलीकडचा पलीकडे होतो.

रात्री सगळे बिंदू टाकून झाले आणि आम्ही नकाशा भिंतीवर पाडला. काहीच दिसलं नाही.

सगळे बिंदू पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला, किंवा एखाद्या हापशीभोवती जमलेले दिसतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात ते विखुरलेले होते. गावठाणाच्या तिन्ही वॉर्डांत, तांड्यात, पोडात. तिन्ही वस्त्यांचं पाणी वेगळं. गावात नळ, तांड्यात बोअरची टाकी, पोडात हातपंप. तीन वेगळी पाणी असलेल्या वस्त्यांमध्ये एकाच रात्री एकच आजार. डॉक्टर खुर्चीत मागे टेकून बसले. मला खरंच वाईट वाटलं. दिवसभर चार माणसं चिखलात फिरली होती.

यादी पुन्हा वाचायला घेतली. सिस्टर म्हणाल्या, “यात पाच वर्षांखालची लेकरं किती कमी आहेत बघा.” खरंच होतं. घरच्या पाण्यातून साथ आली की आधी लहान मुलं आणि म्हातारी माणसं लोळतात. इथे बहुतेक बायका होत्या, वीस ते पन्नास वयाच्या. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या मोठ्या आशाताई म्हणाल्या, “सर, ह्या साऱ्या निंदाले जानाऱ्या बाया हायेत. ही न् ही एका आटोनं जातेत. पोडावरच्या बी तिथंच येऊन राह्यल्या होत्या.”

आम्ही दिवसभर प्रश्नच चुकीचा विचारत होतो. माणूस झोपतो कुठे हे टिपलं होतं. जुलैच्या महिन्यात निंदायला, म्हणजे तण काढायला, जाणारी मजूर बाई सकाळी आठला घर सोडते, पाचला परत येते. दिवसभराचं पाणी ती वावरात पिते.

लंडनच्या १८५४ च्या साथीत जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले, ही गोष्ट सगळ्या पाठ्यपुस्तकांत असते. पण मला त्यातला खरा धागा वाटतो तो पंपापासून दूर पडलेल्या बिंदूंचा. हॅम्पस्टेडला, सोहोपासून कितीतरी लांब, एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिच्या आसपास कोणालाच आजार नव्हता. स्नो यांनी तिच्या घरच्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची आणि त्या पंपाचं पाणी रोज गाडीने तिच्याकडे जायचं. उलट पंपाला लागून असलेल्या दारूच्या भट्टीतले कामगार ठणठणीत, कारण ते ते पाणी पीतच नव्हते. तो बिंदू घरावरून काढून पाण्यावर नेऊन ठेवला तेव्हा अर्थ लागला. हे मी दरवर्षी शिकवत आलो होतो. आशाताईंनी ते एका वाक्यात करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म केला. त्यात तीनच प्रश्न होते. गेल्या पाच दिवसांत कोणकोणत्या वावरात गेलात, तिथे पाणी कुठलं प्यायलात, पाणी घरून नेलं होतं का. वावराला पत्ता नसतो, गट नंबर बायांना माहीत नसतो, पण “वडाच्या धुऱ्याचं वावर”, “पाटलाचं खालचं वावर”, “टॉवरपासचं” असं त्या बिनचूक सांगतात. आशाताई आणि टोळीची मुख्य बाई लॅपटॉपसमोर बसल्या. उपग्रहाचं चित्र वाचायला त्यांना पाच मिनिटं लागली. नाला ओळखला, मग वड ओळखला, मग बोट ठेवून एकेक वावर सांगत गेल्या. आम्ही प्रत्येक घरापासून त्या-त्या वावरापर्यंत रेघ ओढत गेलो. तासाभरात रेघा एका ठिकाणी जमायला लागल्या.

टेकाडावरचं एक वावर, त्याच्या खालच्या अंगाला एक विहीर.

इतक्या बाया त्याच वावरात का? याचं उत्तर मातीत होतं. आदल्या आठवड्यात गुरुवारी जोराचा पाऊस झाला होता. काळ्या जमिनीत वाफसा यायला, म्हणजे जमीन कामाजोगी सुकायला, चार-चार दिवस लागतात, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो. हे वावर हलकं, मुरमाड, उतारावरचं. तिथे वाफसा आधी आला. एरवी पाच वावरांत विखुरलेल्या तीन टोळ्या त्या सोमवार-मंगळवारी तिथे एकत्र निंदत होत्या, गावाची, तांड्याची आणि पोडाची. बुधवारीही निम्म्याजणी गेल्या. पहिले रुग्ण मंगळवारी रात्रीचे होते, सर्वांत जास्त गुरुवारचे. कॉलऱ्यासारख्या आजारात पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो, तेही जुळत होतं.

विहिरीवर आम्ही दुपारी गेलो. तिला कठडा नव्हता. उन्हाळ्यात ती खोल दिसत असेल, त्या दिवशी मात्र पाणी जमिनीपासून हातभर अंतरावर आलं होतं, चहाच्या रंगाचं. वरच्या उताराकडून पावसाच्या पाण्याने एक घळ पाडली होती आणि ती सरळ विहिरीत उतरत होती. घळीच्या कडेने वर चढून गेलो तर जांभळाच्या झाडाआड सगळी उघड्यावर बसायची जागा. विहिरीच्या काठावर एक निळा ड्रम, दोरबादली आणि पाच लिटरची तेलाची कॅन, मधोमध कापून तिचा मग केलेला. सगळ्या बाया त्याच मगाने पाणी घ्यायच्या. मगाच्या कडेला पऱ्हाटीचं एक सुकलेलं पान चिकटलं होतं. विद्यार्थिनीने बाटलीत नमुना घेतला. जिवाणू तपासायची एचटूएस बाटली ती, दुसऱ्या दिवशी ती काळी झाली. गावातल्या नळाच्या आणि पोडातल्या हातपंपाच्या बाटल्या तशाच राहिल्या.

आरोग्यसेवकाने तिथेच हिशेब केला. विहिरीचा व्यास सहा मीटर, पाणी पाच मीटर खोल, म्हणजे सुमारे १,४१,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर साडेतीनशे ग्रॅम. पण ते पाणी गढूळ होतं. गढूळ पाण्यात क्लोरीन लगेच संपतं, शिवाय झरे चालू, म्हणजे आज शुद्ध केलं तर उद्या पुन्हा तेच. डॉक्टरांनी निर्णय घेतला तो साधा होता. पावडर टाकायची, पण भरवसा तिच्यावर नाही. या विहिरीचं पाणी प्यायचं नाही. शेतमालकाने घरून पाण्याच्या कॅन पाठवायच्या.

शेतमालक भला माणूस. त्याच्या स्वतःच्या बायकोचं नाव यादीत होतं. तो एवढंच म्हणाला, “सर, माह्यं नाव पेपरात येऊ देऊ नका. उद्यापासून निंदाले कोणी येनार नाही.” आम्ही शब्द दिला आणि पाळला.

या सगळ्यात एक रात्र वेगळी गेली, ती सांगायला हवी. शुक्रवारी, म्हणजे पहिला नकाशा केला त्याच रात्री, पुन्हा पाऊस आला आणि नाला चढला. पोडातली एक म्हातारी बाई, मुलीची शुश्रूषा करताना आजारी पडलेली, लघवी बंद होऊन पडली होती. गावातून पोड नकाशावर दोन किलोमीटर दिसतो, पण तो नाल्यातून. १०८ ची गाडी नाल्याशी येऊन थांबली असती आणि परत गेली असती. आम्ही पाणंदी रेखाटताना तांड्याच्या मागून पोडाकडे जाणारी एक वाट टाकली होती. आशाताईंनी ती पायी चालून फोनवर नोंदवली होती. गाडीचे चालक इथलेच होते. त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, ती वाट मुरमाची आहे, गाडी जाईल, पण शेवटचा तुकडा चिखल आहे. अंतर दोनाचं नऊ किलोमीटर झालं. शेवटचा अर्धा किलोमीटर पोडातल्या पोरांनी खाटेवर घालून म्हातारीला आणलं. टॉर्चच्या उजेडात खाटेचे पाय दिसत होते आणि बाजूने तिची मुलगी स्वतः आजारी असताना हातात ओआरएसचा गडवा धरून चालत होती. म्हातारी वाचली.

स्नो यांनी पुढच्या वर्षी आपल्या नकाशावर एक रेघ वाढवली होती, कोणत्या घरापासून कोणता पंप पायी जवळ पडतो याची. हवेतलं अंतर त्यांनी धरलं नाही. आपल्या पावसाळ्याला ती रेघ फार लागू आहे. उपकेंद्र किती लोकसंख्येला असावं, याचं मोजमाप मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार असं ठरलेलं आहे. नाला चढल्यावर ते तीन हजार लोक उपकेंद्रापासून किती लांब जातात हे कोणत्याच तक्त्यात नसतं. २२ जुलै २०२३ ला याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात पुराने लोक अडकले आणि हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली. वैमानिकाला ‘अमुक गावचा तांडा’ सांगून चालत नाही, त्याला आकडे लागतात. ते आकडे आधीच लिहिलेले असतील तर ठीक, नाहीतर पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला फोनवर विचारावे लागतात.

आता पुरावा किती पक्का, ते. विहिरीचं पाणी दूषित होतं हे प्रयोगशाळेनेही सांगितलं. रुग्णांच्या नमुन्यांतून नेमका जंतू हाती लागला नाही. बहुतेकांना नमुना घ्यायच्या आधीच औषध सुरू झालं होतं. मला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा दुसराच आहे. त्याच टोळीतल्या ज्या बाया घरून पाण्याची बाटली नेत होत्या, त्या त्याच वावरात, त्याच उन्हात, त्याच दिवशी राबल्या आणि बऱ्या राहिल्या. त्यातली एक आजारी पडली, आणि खोदून विचारल्यावर कळलं की दुपारी तिची बाटली संपली होती. विहीर बंद केल्यावर दोन दिवसांत वावरातले नवे रुग्ण थांबले. पुढे आले ते घरात शुश्रूषा करणारे. साथ आपोआपही उतरणीला लागली असेल, हे मला नाकारता येत नाही. पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरत होती, हे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

पण एक गोष्ट त्या रेघांनी नक्की केली. पोडातल्या बाया गावातल्या बायांच्या आधी आजारी पडल्या नव्हत्या, त्याच रात्री पडल्या होत्या. रोग पोडावरून गावात आला नव्हता. दोघीही एकाच विहिरीवरून तो घरी घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी हे ग्रामसभेत सांगितलं. पोडाचा हातपंप स्वच्छ निघाला हेही मुद्दाम सांगितलं. त्या आठवडी बाजाराला पोडातली माणसं आली. मी स्वतः जाऊन बघितलं.

रुग्णांचे बिंदू असलेला नकाशा डॉक्टरांच्या लॅपटॉपबाहेर गेला नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आम्ही घरं, वाटा, विहिरी, नाल्याचे उतार एवढंच टाकलं. कोणाच्या घरी हगवण लागली हे जगाच्या नकाशावर जायचं कारण नाही. एका सदस्याने तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला मागितला तेव्हा आम्ही नकार दिला आणि पाणी-रस्त्यांचा दुसरा छापून दिला. गावात घराच्या खुणेवर आजार लिहिला की तो पाच वर्षं पुसत नाही.

नंतर दोन बदल झाले. रजिस्टरमध्ये पत्त्याच्या रकान्यापुढे हाताने एक रेघ मारून ‘कामाची जागा, प्यायचं पाणी’ असा रकाना केला. छापील नमुन्यात तो नाही, सिस्टर पट्टीने आखतात. दुसरं काम मोठं आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतीच्या पाणी-स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. त्या गावाकडे हिरवं कार्ड होतं आणि ते खोटं नव्हतं, कारण मोजणीत सार्वजनिक स्रोत धरले जातात. शेतातली विहीर खासगी, ती कोणाच्याच यादीत नाही, आणि जुलै ते ऑक्टोबर निंदणापासून वेचणीपर्यंत अर्धं गाव तिचंच पाणी पितं. एप्रिलपासून आशाताई आणि आमचे विद्यार्थी रविवारी वावरांत जाऊन विहिरी नोंदवताहेत. कठडा आहे का, वरून घळ येते का, प्यायला वापरतात का. मालकाचं नाव घेत नाही, वावराचं लोकांच्या तोंडचं नाव घेतो. पोडातल्या म्हाताऱ्या बाबांनी पोडाचंही नाव सांगितलं. सरकारी कागदावर नुसतं ‘पोड’ आहे, त्यांच्या बोलीत त्याला स्वतःचं नाव आहे. ते आता नकाशावर आहे, त्यांनी उच्चारलं तसंच लिहिलेलं.

नाल्याच्या अलीकडच्या विहिरी झाल्या. पलीकडच्या बऱ्याच बाकी आहेत. मृग लागायच्या आत त्या व्हायला हव्यात. येत्या रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरलंय, मोठ्या आशाताई तांड्याच्या वाटेवर भेटणार आहेत.